टीएसएच वाढलेले आणि यकृतात चरबी: दोन्ही अहवाल एकत्र कसे वाचावेत आणि पुढे काय करावे

वार्षिक आरोग्य तपासणीच्या कागदांत हल्ली दोन नोंदी वारंवार शेजारी शेजारी आढळतात. सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असे लिहिलेले असते आणि रक्ताच्या अहवालात टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या आणि थायरॉईड मंद पडले की वाढणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा ठळक छापलेला असतो. पहिला कागद पोटविकारतज्ज्ञांकडे जातो, दुसरा थायरॉईडच्या डॉक्टरांकडे, आणि दोन्ही एकाच शरीराचे आहेत ही गोष्ट मध्येच कुठेतरी हरवते. ज्यांच्या हातात असे दोन्ही कागद आहेत त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. थायरॉईड संप्रेरकाची खरी कमतरता असेल, तर ती भरून काढल्याशिवाय यकृताचा हिशेब नीट लागत नाही. मात्र थायरॉईडची गोळी हे यकृतातील चरबीचे औषध नाही. या दोन विधानांतील फरक सांभाळत पुढची प्रत्येक पायरी चढावी लागते.

यकृतात या संप्रेरकाचे काम काय

गळ्यातील थायरॉईड म्हणजेच अवटू ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक रक्तात सोडते. प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक टी-३ होय, आणि शरीरातील सुमारे ८० टक्के टी-३ ग्रंथीत तयार न होता टी-४ मधील आयोडीनचा एक अणू काढून इतर अवयवांत तयार होते. यकृत हे अशा ठिकाणांपैकी एक प्रमुख ठिकाण आहे. म्हणजे यकृत या संप्रेरकाचे नुसते गिऱ्हाईक नाही, ते त्याचा कारखानाही आहे.

पेशींच्या केंद्रकात या संप्रेरकाला ओळखणारे ग्राही दोन प्रकारचे असतात. हृदय आणि हाडे यांत प्रामुख्याने अल्फा प्रकार आढळतो, तर यकृतात बीटा. यकृताच्या पेशीत टी-३ बीटा ग्राहीला जोडले गेले की मेदाम्ले जाळण्यासाठी तंतुकणिकांकडे, म्हणजे पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या भागांकडे, जाऊ लागतात, साठलेल्या चरबीचे थेंब फोडले जातात, रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल ओढून घेण्याची पेशीची क्षमता वाढते आणि त्या कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवण्याला वेग येतो. हेच संप्रेरक यकृताला नवी चरबी बनवण्याचाही आदेश देते, ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटते. परंतु निरोगी यकृतात जाळण्याचा वेग बनवण्याच्या वेगाहून अधिक राहतो, त्यामुळे शिल्लक उरत नाही. संप्रेरक कमी पडले की आधी मंदावते ते हे जाळणे. थायरॉईड मंद असलेल्या माणसाचे एलडीएल आणि अनेकदा ट्रायग्लिसराईडही वाढलेले दिसते, त्याचे मूळ इथेच आहे.

संशोधकांना यापुढे आणखी एक गोष्ट आढळली. चरबीबरोबर यकृतात दाह आणि तंतुमयता (दाहामुळे पडणारे व्रण) वाढू लागली की टी-४ चे टी-३ मध्ये रूपांतर करण्याची त्याची ताकद घटते. अशा वेळी रक्तातील टीएसएच अगदी व्यवस्थित असूनही यकृताच्या आत मात्र संप्रेरकाचा दुष्काळ असू शकतो. हे वाचून ‘मग सगळ्यांनीच गोळी घ्यावी’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. कारण पुढे येईलच.

पहिली पायरी: टीएसएचचा आकडा खरा आहे का, हे तपासणे

थायरॉईडची कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांत ती आढळली होती, आणि त्यांतील मोठा भाग सुप्त स्वरूपाचा, म्हणजे टीएसएच वाढलेले पण टी-४ व्यवस्थित, असा होता. म्हणूनच एका अहवालावर आयुष्यभराची गोळी सुरू करणे योग्य नाही. टीएसएच ४ ते १० च्या दरम्यान असेल तर साधारण दोन ते तीन महिन्यांनी तीच तपासणी फ्री टी-४ (रक्तात मोकळे असलेले टी-४) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्ध शरीरानेच बनवलेली प्रतिपिंडे) यांच्यासह पुन्हा करावी. ही तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच वेळी व्हावी, कारण टीएसएच दिवसभर एकसारखे राहत नाही. रात्री आणि पहाटे ते चढलेले असते. तापातून किंवा मोठ्या आजारातून उठल्यावर लगेच केलेली तपासणीही फसवी ठरू शकते.

टीएसएच १० च्या वर टिकून असेल, किंवा फ्री टी-४ कमी असेल, तर उपचार सहसा सुरू केले जातात. मधल्या पट्ट्यात मात्र वय, लक्षणे, अँटी-टीपीओ, कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणाची शक्यता पाहून डॉक्टर निर्णय घेतात. सत्तरीनंतर टीएसएच किंचित वर असणे हे वयाचेच लक्षण असू शकते. ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुप्त कमतरतेसाठी गोळी दिल्याने थकवा किंवा इतर लक्षणे कमी झाली नाहीत.

आता सर्वांत अधिक दुर्लक्षित राहणारा मुद्दा. वजन वाढल्यानेही टीएसएच थोडेसे वाढते. शरीरातील चरबीच्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक सोडतात, त्याचा परिणाम मेंदूतील नियंत्रणकेंद्रावर होतो आणि टीएसएच ५ किंवा ६ पर्यंत चढते. फ्री टी-४ व्यवस्थित असते, अँटी-टीपीओ नसतात, आणि वजन उतरले की आकडा आपोआप खाली येतो. अशा व्यक्तीत थायरॉईडमुळे यकृतात चरबी साठलेली नसते, तर एकाच वाढलेल्या वजनाची ती दोन चिन्हे असतात. ‘माझे वजन थायरॉईडमुळेच वाढले’ हे वाक्य दवाखान्यात जितक्या खात्रीने उच्चारले जाते, तितका आधार त्याला क्वचितच असतो.

दुसरी पायरी: यकृताचा अहवाल वाचताना ‘ग्रेड’वर थांबू नये

सोनोग्राफीतील ग्रेड १, २ किंवा ३ यावरून यकृत किती चकाकते, म्हणजे अंदाजे किती चरबी आहे, एवढेच कळते. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी असेल तर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, परंतु चरबी २० टक्क्यांच्या वर जाईपर्यंत सोनोग्राफीला ती नीटशी दिसतही नाही. पुढील आयुष्यात काय होणार हे मुख्यतः ठरते ते तंतुमयतेवरून, म्हणजे दाहामुळे यकृतात किती व्रण पडले आहेत यावरून. आणि ग्रेड १ असलेल्या माणसात तंतुमयता पुढे गेलेली असू शकते, तर ग्रेड ३ असलेल्यात ती नसूही शकते.

तंतुमयतेचा पहिला अंदाज घरबसल्या घेता येतो. त्यासाठी फिब-४ नावाचे गणित आहे. त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या रक्ततपासणीतील दोन विकरांचे आकडे लागतात. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेटच्या संख्येला, ती हजारांत मांडून, एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. उदाहरणार्थ, एखाद्या स्त्रीचे वय ४८, एसजीओटी ४४, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख २० हजार असतील, तर ४८ गुणिले ४४ म्हणजे २११२, आणि २२० गुणिले ८ म्हणजे १७६०; भागाकार १.२ येतो. १.३ च्या खालचा आकडा आला तर मोठी तंतुमयता असण्याची शक्यता कमी असते, २.६७ च्या वरचा आला तर ती बरीच असते, आणि मधला आला तर फायब्रोस्कॅन करून घ्यावे. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांसाठी हे गणित भरवशाचे नाही. फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा कडकपणा ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर चिंतेचे कारण कमी, १२ च्या वर असेल तर तज्ज्ञांचा सल्ला लगेच घ्यावा, असा साधारण संकेत आहे.

थायरॉईडच्या रुग्णांसाठी या गणितात एक सापळा आहे. एसजीओटी हे विकर यकृताइतकेच स्नायूंतही असते. थायरॉईडची कमतरता तीव्र असेल तर स्नायूंना झीज लागते, सीपीके हे स्नायूंतील विकर रक्तात वाढते आणि त्यासोबत एसजीओटीही. वरच्याच उदाहरणात स्नायूंमुळे एसजीओटी ४४ ऐवजी ६६ झाले, तर उत्तर १.२ वरून १.८ वर जाते, आणि यकृतात काहीही बदललेले नसताना रुग्णाच्या मनात सिरोसिसची भीती शिरते. म्हणून टीएसएच बरेच वाढलेले असेल, आणि विशेषतः एसजीओटी हे एसजीपीटीहून अधिक असेल, तर सीपीके तपासून घ्यावे आणि थायरॉईड आटोक्यात आल्यावर फिब-४ पुन्हा काढावे. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू करण्याआधी टीएसएच पाहून घेण्याचे कारणही हेच आहे: उपचार न झालेल्या थायरॉईडमध्ये स्टॅटिनमुळे स्नायू दुखण्याचा धोका वाढतो, आणि कित्येकदा थायरॉईड सुधारल्यावर कोलेस्टेरॉलच बरेच खाली येते.

फॅटी लिव्हरच्या निदानाआड दुसरा आजार लपलेला नाही, याचीही खात्री हवी. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या एकदा तरी झालेल्या असाव्यात. मद्यपानाचा हिशेब डॉक्टरांना खरा सांगावा. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अमिओडारोन हे औषध सुरू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण त्यात वजनाच्या ३७ टक्के आयोडीन असते आणि ते थायरॉईड बिघडवते, शिवाय यकृतातही चरबी साठवू शकते. दोन्ही कागदांचे उत्तर एकाच गोळीत सापडण्याचा हा विरळा प्रसंग. मात्र हे औषध स्वतःहून बंद करू नये.

ज्यांचे अँटी-टीपीओ वाढलेले आहेत, म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर चालून जाते, त्यांच्यात यकृताचे स्वप्रतिरोधी आजारही इतरांपेक्षा अधिक आढळतात. अशा व्यक्तीचे एसजीपीटी कित्येक पटींनी वाढले असेल तर ‘चरबीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे प्यायले गेले, तेव्हा मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि त्या इजेचे स्वरूप स्वप्रतिरोधी हिपॅटायटिससारखे होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, थायरॉईडचा स्वप्रतिरोधी आजार असलेल्याने ‘लिव्हर साफ करणारे’ काढे आणि चूर्णे यांपासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: गोळी सुरू झाली असेल तर ती नीट घेणे

लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडची, गोळी पाण्याबरोबर, उपाशीपोटी, चहा किंवा नाश्त्याच्या किमान अर्धा तास आणि जमल्यास तासभर आधी घ्यावी. आपल्याकडे घोटाळा होतो तो पहिल्या चहाने. डोळे उघडताच दुधाचा चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी अशी सवय असेल तर औषध पूर्ण शोषले जात नाही, टीएसएच उतरत नाही आणि मग मात्रा वाढवली जाते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, तसेच पित्तावरची काही औषधे यांत चार तासांचे अंतर ठेवावे. कॉफीसाठीही तेच अंतर पाळावे असे नाही, पण ती तासाभरानंतरच घ्यावी. गंमत अशी की जी कॉफी या गोळीच्या आड येते, तीच पिणाऱ्यांच्या यकृतात तंतुमयता कमी आढळते असे अनेक पाहण्यांत दिसले आहे.

मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच तपासावे, कारण टी-४ चे रक्तातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असते आणि नवा समतोल बसायला तेवढा अवधी लागतो. दर पंधरा दिवसांनी तपासणी करून मात्रा हलवत राहणे म्हणजे पैसे आणि मनःस्वास्थ्य दोन्ही घालवणे होय.

गोळीने वजन किती उतरेल याची अपेक्षा आधीच माफक ठेवावी. थायरॉईडच्या कमतरतेमुळे वाढलेले वजन बहुतेकांत दोन ते पाच किलोंच्या आसपास असते आणि त्यातही बराचसा भाग शरीरात साचलेल्या क्षारांचा आणि पाण्याचा असतो. उरलेल्या वजनासाठी मात्रा वाढवून घेणे धोक्याचे आहे. लेव्होथायरॉक्सिनच्या अमेरिकेतील माहितीपत्रकावर, हे औषध लठ्ठपणासाठी किंवा वजन घटवण्यासाठी वापरू नये, असा चौकटीतला इशारा छापलेला असतो. जरुरीपेक्षा अधिक संप्रेरक यकृतातील बीटा ग्राहीपुरते थांबत नाही. ते हृदयातील अल्फा ग्राहीलाही जागे करते, ठोके अनियमित होऊ शकतात, आणि हाडे, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची, ठिसूळ होतात.

संप्रेरकासारखे औषध, पण फक्त यकृतासाठी

ही अडचण जुनीच आहे. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी थायरॉईड संप्रेरकाचे बदललेले रूप वापरण्याचा प्रयत्न अमेरिकेत हृदयरोग्यांच्या एका मोठ्या चाचणीत झाला होता. डेक्स्ट्रोथायरॉक्सिन घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत असल्याचे दिसल्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो भाग थांबवावा लागला. पुढे यकृताकडे झुकणारे एप्रोटिरोम आले, परंतु कुत्र्यांच्या कूर्चेला इजा होत असल्याचे आढळल्यावर २०१२ मध्ये त्याचाही विकास बंद झाला.

त्यानंतर आलेले रेस्मेटिरोम मुख्यतः यकृतातच शिरते आणि तेथील बीटा ग्राहीलाच अधिक चिकटते. ९६६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर यकृताचा चरबीजन्य दाह नाहीसा झालेल्यांचे प्रमाण मात्रेनुसार सुमारे २६ आणि ३० टक्के होते, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ते सुमारे १० टक्के. तंतुमयता किमान एका टप्प्याने सुधारण्याचे प्रमाण २४ ते २६ टक्के, विरुद्ध १४ टक्के असे होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने १४ मार्च २०२४ रोजी त्याला सशर्त मान्यता दिली, तीही सिरोसिस झालेला नसून तंतुमयता मध्यम ते पुढारलेली आहे अशाच रुग्णांसाठी, आणि आहार-व्यायामाच्या जोडीने. जुलाब आणि मळमळ हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. आकडे काळजीपूर्वक वाचले तर दिसते की औषध घेऊनही बहुसंख्य रुग्णांची तंतुमयता वर्षात हललेली नव्हती. ग्रेड १ च्या अहवालावर या औषधाची चौकशी करत फिरण्याचे कारण नाही, आणि थायरॉईडच्या गोळीला त्याचा स्वस्त पर्याय समजणे तर सपशेल चूक आहे.

चौथी पायरी: वजन, आणि त्याचा हिशेब

यकृतातील चरबी उतरवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग अजूनही वजन घटवणे हाच आहे. शरीराच्या वजनाच्या ५ टक्के घट झाली की चरबी कमी होऊ लागते, ७ ते १० टक्क्यांवर दाह निवळतो, आणि १० टक्क्यांपलीकडे तंतुमयताही मागे फिरू शकते. ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे आकडे साडेतीन, पाच ते सात आणि सातहून अधिक किलो असे होतात. आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त समजतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीच्या यकृतातही चरबी असू शकते. अशांना ३ ते ५ टक्के घटही उपयोगी पडते.

थायरॉईड मंद असताना व्यायाम सुरू केला तर थकवा आणि स्नायूदुखी यांमुळे तो सोडून देण्याची वेळ येऊ शकते. म्हणून पहिले दोन महिने फक्त चालणे आणि आहार यांवर भर द्यावा, टीएसएच आटोक्यात आल्यावर आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे आणि मग दोन दिवस स्नायूंचे व्यायाम जोडावेत. आहारात सर्वांत आधी हात घालावा तो साखरेला: चहातील साखर, शीतपेये, पाकीटबंद फळांचे रस. उपवासाची साबुदाणा खिचडी आणि तळलेले वेफर यकृताच्या दृष्टीने उपवास नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. भाकरी, उसळ आणि पालेभाजी हे ताट बदलण्याची गरज नाही, फक्त भाताचा डोंगर लहान करावा. कोबी आणि फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने थायरॉईड बिघडत नाही. घरात आयोडीनयुक्त मीठ असताना आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतल्याने मात्र बिघडू शकते.

पुढच्या तपासण्या

टीएसएच स्थिरावल्यावर तीन महिन्यांनी एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि कोलेस्टेरॉल पुन्हा तपासावे आणि तो आकडा आपला खरा आरंभबिंदू मानावा. फिब-४ कमी असेल आणि मधुमेह नसेल तर ते दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढले तरी चालते. मधुमेह असेल किंवा चयापचयाच्या दोन किंवा अधिक तक्रारी असतील तर एक-दोन वर्षांनी काढावे. यकृतातील चरबीचा आजार २०२१ पासून केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे, त्यामुळे मधुमेह आणि रक्तदाबाच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात जाणाऱ्यांनी यकृताविषयीही तेथेच विचारावे. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी साचणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच यांपैकी काहीही झाले तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधीपासून केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या बंद ठेवाव्यात, कारण त्यांमुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि त्या सकाळची थायरॉईडची गोळी रक्त देऊन झाल्यावरच घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही कागद, चालू असलेल्या सर्व औषधांची, काढ्यांसह, यादी आणि मागील अहवाल तारखेनुसार लावून एकाच फाइलमध्ये न्यावेत.